तोंडी बोली आणि ठेकेदाराची माघार



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्याकडे एक तक्रार हमखास कानावर येते. शेलूबाजार म्हणजे चौरस्त्याचे गाव. नागपूरकडून संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आणि अकोल्याकडून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता इथे भेटतात. ट्रॅक्टरवाले, विहीर खोल करणारे, पाइपलाइन टाकणारे, तोडणीची टोळी आणून देणारे मुकादम, सगळ्यांची गाठ इथेच पडते. चहाच्या टपरीवर दर ठरतो, हातात थोडाफार इसार पडतो, "येतो म्हणजे येतो" असा शब्द मिळतो आणि माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. पुढे ठरलेला दिवस उजाडतो, गाडी येत नाही. फोन केला तर उत्तर येते, "भाऊ, आता नाही जमत. दुसरीकडं चांगला भाव भेटला. अन् आपला कागद कुठी झाला हाय?"

या शेवटच्या वाक्यापुढे आपला सभासद गप्प बसतो. कागद नाही म्हणजे हक्क नाही, अशी त्याची समजूत असते. ठेकेदाराचीही तीच समजूत असते, म्हणून तर तो इतक्या सहज माघार घेतो. ही समजूत दोघांचीही चुकीची आहे. कायदा या बाबतीत काय म्हणतो ते आम्ही येथे सोप्या शब्दांत मांडत आहोत. आपल्यातले पुष्कळ सभासद स्वतः ट्रॅक्टरचे मालक आहेत, भाड्याने गाडी चालवतात. तेव्हा हा लेख दोन्ही बाजूंनी वाचावा.

ठेकेदार कोण, मजूर कोण?

पहिल्याने ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. "माझी पाइपलाइन अमुक फूट टाकून दे, अमुक पैसे घे" असे आपण उक्ते काम देतो. तो माणसे किती लावतो, अवजारे कोणती आणतो, सकाळी सुरू करतो की दुपारी, हे तो पाहतो. आपल्याला पुरे झालेले काम हवे असते. असा माणूस स्वतंत्र ठेकेदार, आपल्या भाषेत गुत्तेदार. याउलट ज्याला आपण रोज सांगतो, "आज हा बांध धर, उद्या ते पाणी दे", ज्याच्या कामाची रीत आपणच ठरवतो, तो मजूर.

हा फरक नावावरून ठरत नाही. सौराष्ट्रात ध्रांगध्रा येथे मिठागरांवर राबणारे आगरिया होते. त्यांना मिठागराचे तुकडे नेमून दिलेले असत, मोबदला मिठाच्या वजनावर मिळे, मदतीला स्वतःची माणसे लावण्याची मुभा असे. मालक म्हणाले, हे ठेकेदार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली निकाल दिला की नाही, हे कामगारच आहेत. कारण काम कसे करायचे यावर शेवटपर्यंत देखरेख मालकाची होती.

आम्ही हे आधी सांगतो त्याला कारण आहे. पुढे जी नुकसानभरपाईची चर्चा येणार आहे ती ठेकेदाराबद्दल आहे. कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या मजुराच्या मागे ती लावायची नाही. त्याविषयी पुढे वेगळे लिहिले आहे.

तोंडी करार हाही करारच

आपल्या देशात करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे करार पक्का होण्यास चार गोष्टी लागतात: दोन्ही बाजूंची खुषीची संमती, दोघेही सज्ञान व शुद्धीवर असणे, देण्याघेण्याचा मोबदला, आणि काम कायदेशीर असणे. यात कागदाचे नाव नाही. काही व्यवहारांना, जसे जमिनीच्या खरेदीखताला, दुसऱ्या कायद्यांनी लेखी व नोंदणीची सक्ती केली आहे. पण ऊस वाहून नेणे, विहीर खोल करणे, नांगरट करून देणे अशा कामांना तशी सक्ती नाही. तोंडी ठरले तरी ते न्यायालयात चालते.

याचा दाखला फार लांबचा नाही, आपल्या वऱ्हाडातलाच आहे. खामगावची एक जिनिंग व तेल गिरणी आणि अहमदाबादची एक व्यापारी पेढी यांच्यात २२ जुलै १९५९ रोजी ट्रंक टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा झाला. कागद नाही, सही नाही, नुसते बोलणे. पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादच्या पेढीने ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावच्या बाजूचे म्हणणे पडले की, "होकार आम्ही खामगावात दिला, तेव्हा अहमदाबादच्या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही." वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० ऑगस्ट १९६५ रोजी निकाल झाला. न्या. शहा व न्या. वांछू यांनी बहुमताने ठरविले की टेलिफोनवरचा करार जेथे होकार ऐकू येतो तेथे पुरा होतो. होकार अहमदाबादेत ऐकला गेला, म्हणून दावा तेथे चालेल. न्या. हिदायतुल्ला यांचे मत वेगळे होते. त्यांच्या मते होकार जेथून उच्चारला गेला तेथे, म्हणजे खामगावातच, करार झाला. मतभेद झाला तो जागेबद्दल. तारेवरून झालेल्या नुसत्या बोलण्याने करार होऊ शकतो याबद्दल तिन्ही न्यायमूर्तींना शंका नव्हती.

त्या काळी टेलिफोन गावात एखादाच असे. आज प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून हा निकाल आपल्याला पूर्वीपेक्षा जास्त कामाचा आहे. तुम्ही शेलूबाजारातून बीडच्या मुकादमाला फोनवर विचारले आणि त्याचा होकार इथे ऐकला, तर करार इथे झाला. उलट त्याने तिकडून विचारले आणि तुम्ही "हो" म्हणालात, तर तो होकार त्याने जेथे ऐकला तेथे करार झाला. तरी घाबरण्याचे कारण नाही. काम तुमच्या शेतात व्हायचे ठरले असेल, तर काम जेथे व्हायचे त्या जागेच्या न्यायालयातही दाद मागता येते.

बोली पक्की केव्हा समजावी?

इथे आपण फार ढिलाई करतो. "बघू", "जमलं तर येईन", "दिवाळीनंतर पाहू" याला करार म्हणत नाहीत. कलम २९ प्रमाणे ज्या बोलीचा अर्थ निश्चित लावता येत नाही ती बोली रद्दबातल असते. काम कोणते, किती, कोणत्या दराने आणि केव्हा, या चार गोष्टी ठरल्या पाहिजेत.

दुसरे असे की समोरच्याने दर सांगितला आणि तुम्ही "घरी विचारून सांगतो" म्हणालात, तर तुमचा होकार त्याच्याकडे निघेपर्यंत त्याला आपला शब्द मागे घेता येतो. तो त्याचा हक्क आहे, त्यात लबाडी नाही. एकदा होकार त्याच्यापर्यंत पोचला की मग मात्र दोघेही बांधले गेले.

इसार दिला नाही म्हणून करार होत नाही, असेही नव्हे. एकाने काम करण्याचा आणि दुसऱ्याने पैसे देण्याचा शब्द दिला, एवढा मोबदला कायद्याला पुरतो. इसाराने करार जन्मत नाही, पण करार झाला होता याचा तो मोठा पुरावा ठरतो.

आणखी एक गैरसमज. तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार कारखान्याशी करार करतो, तेव्हा तो करार कारखान्याचा आणि त्याचा असतो. त्याने टोळी आणली नाही तर सर्वसाधारणपणे सभासदाला त्याच्यावर थेट दावा लावता येत नाही. सभासदाने आपले गाऱ्हाणे कारखान्याकडे आणावे. पण टोळी-गाडी पोचत नाही म्हणून सभासदाने स्वतःच गाडी ठरविली, तर तो करार सभासदाचा स्वतःचा झाला आणि हक्कही त्याचाच.

माघार घेतली तर काय भरावे लागते?

आता मुख्य प्रश्न. कलम ७३ सांगते की करार मोडणाऱ्याने दोन प्रकारचे नुकसान भरून द्यावे: करार मोडल्याने स्वाभाविकपणे होणारे, आणि करार करतेवेळी दोघांनाही माहीत असलेले. दूरचे, आडवळणाचे नुकसान मिळत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, एका सभासदाचा ६० टन ऊस आहे. ट्रॉलीवाल्याशी टनाला ४०० रुपये दर ठरला. ५,००० रुपये आगाऊ दिले. ट्रॉलीवाल्याने ऐन वेळी माघार घेतली. सभासदाने धावपळ करून दुसरी गाडी टनाला ५२० रुपयांनी आणली. टनामागे १२० रुपये जास्त गेले, म्हणजे ६० टनांचे ७,२०० रुपये. गाडी शोधण्याकरिता जाण्यायेण्याचा खर्च ८०० रुपये. हे ८,००० रुपये नुकसानभरपाई, आणि आगाऊ दिलेले ५,००० रुपये परत. एकूण १३,००० रुपये मागण्याचा त्याला हक्क आहे.

दुसरी गाडी त्याच दराने मिळाली तर? तरीही झालेला त्रास आणि खर्च मागता येतो. कायद्यातच याचे उदाहरण दिलेले आहे. एकाने माल मुंबईहून कलकत्त्याला नेण्यासाठी जहाज ठरविले. जहाज मुंबईला गेलेच नाही. त्याने तितक्याच सोयीच्या दराने दुसरी सोय केली, पण त्याला खटपट व खर्च पडला. तेवढ्याची भरपाई त्याला मिळते. दीडशे वर्षांपूर्वीचे जहाज आणि आजची आपली ट्रॉली, न्याय एकच.

आता आडवळणाच्या नुकसानीचे पाहू. इंग्लंडात ग्लॉस्टर गावच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नवा दांडा करण्यासाठी मोडका नमुन्यादाखल कारागिराकडे धाडायचा होता. वाहतूकदाराने तो उशिरा पोचविला आणि गिरणी तितके दिवस बंद राहिली. गिरणीवाल्याने बुडालेला नफा मागितला. १८५४ साली न्यायालयाने तो नाकारला. दांडा उशिरा पोचला म्हणजे गिरणी बंद पडणारच असे सर्वसाधारणपणे धरता येत नाही. दुसरा दांडा शिलकीत असू शकतो. अशी खास अडचण करार करतेवेळी वाहतूकदाराला माहीत असती तर गोष्ट वेगळी. आपल्या कलम ७३ मध्ये हाच विचार आलेला आहे.

यातून आपण काय घ्यावे? बोली करताना आपली अडचण तोंडाने स्पष्ट सांगून टाकावी. "२२ तारखेची तोडणीची चिठ्ठी आहे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वाळतो, वजन घटते, साखर उतरते. २३ ला सकाळी गाडी हवीच." एवढे सांगितले असले आणि गाडी आली नाही, तर वजनातली घट मागता येते. पण तुम्ही बेण्यासाठी चढ्या भावाने ऊस विकण्याचा सौदा मनात ठेवला होता आणि त्याला कधी सांगितलाच नाही, तर तो बुडालेला नफा त्याच्या माथी मारता येणार नाही.

रागाच्या भरात हातावर हात ठेवून बसू नये

काही जण म्हणतात, "आता होऊ द्या नुकसान, सगळं त्याच्याकडूनच वसूल करतो." हे फार महागात पडते. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की नुकसान टाळण्याचे काय उपाय हाताशी होते तेही भरपाई ठरविताना पाहिले जाईल. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली कानपूर-कलकत्त्याच्या कॅनव्हासच्या एका सौद्यात हेच तत्त्व सांगितले: ज्याचे नुकसान झाले त्याने ते कमी करण्यासाठी रास्त खटपट केली पाहिजे, खटपट न केल्याने वाढलेले नुकसान त्याला मागता येत नाही.

वरच्याच उदाहरणात, दुसऱ्या दिवशी ४५० रुपयांनी गाडी मिळत होती, पण सभासद महिनाभर हट्टाने थांबला, ऊस वाळविला आणि मग ५२० ची गाडी आणली. त्याला टनामागे ५० रुपयांचाच फरक मिळेल. वाळलेल्या उसाचे पैसे त्याच्याच पदरचे गेले.

"न आल्यास पन्नास हजार दंड" असे ठरवून ठेवले तर? कलम ७४ प्रमाणे ठरविलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. न्यायालय तिच्या आत राहून रास्त वाटेल तेवढीच भरपाई देते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ साली स्पष्ट केले आहे. धाक दाखविण्यासाठी फुगवलेल्या आकड्यांना कोर्टात किंमत नाही.

माघार केव्हा माफ होते?

ठेकेदाराचीही बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. ऊस तोडून ठेवायचे आपण कबूल केले आणि तोडलाच नाही. फडापर्यंत गाडीवाट मोकळी करून देतो म्हणालो आणि केली नाही. ठरलेली उचल दिली नाही. अशा वेळी गाडी आली नाही म्हणून ओरडता येत नाही. ज्याने आधी आपला शब्द पाळायचा होता त्याने तो पाळला नाही, तर दुसऱ्याला दोष देता येत नाही आणि उलट त्याचे नुकसान झाले तर ते आपल्यालाच भरावे लागते.

काम खरोखरच अशक्य झाले तर कलम ५६ प्रमाणे करार संपतो. पुराने ऊसच वाहून गेला, सरकारने त्या कामावर बंदी घातली, तर दोघेही मोकळे. मात्र घेतलेले आगाऊ पैसे परत करावे लागतात. पण डिझेल महागले, दुसरीकडे जास्त भाडे मिळते, ड्रायव्हर गावी गेला, ही कारणे अशक्यतेत बसत नाहीत. लष्कराला तूप पुरविण्याचे काम घेतलेल्या एका पेढीने युद्धामुळे खर्च वाढला म्हणून जादा दर मागितला होता. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. काम महाग पडले म्हणून करार संपत नाही, असा त्याचा मथितार्थ.

अर्धे काम करून निघून गेला तर? झालेल्या कामाचा मोबदला द्यावा लागतो आणि उरलेल्या कामापायी झालेले नुकसान त्यातून वजा मागता येते. कायद्यात एका गायिकेचे उदाहरण आहे. तिने पाच रात्री गाणे केले आणि सहाव्या रात्री मुद्दाम आली नाही. नाटकगृहाच्या चालकाला करार मोडता आला, पण पाच रात्रींचे पैसे द्यावेच लागले. "सोडून गेला, आता एक पैसा देणार नाही" ही भाषा म्हणूनच टिकत नाही.

आणि उशिरा आला तर? त्याला गुपचूप काम करू दिले तर उशिराबद्दलची भरपाई नंतर मागता येत नाही. काम घ्यायचे तर घ्या, पण त्याच वेळी त्याला सांगून ठेवा की, "उशिराचे नुकसान मी मागणार आहे." कलम ५५ तसे म्हणते. तोंडी न सांगता मोबाइलवर दोन ओळी लिहून पाठवाव्यात.

बळजबरी नाही, आणि दर वेळी पोलीसही नाहीत

काही जण ट्रॅक्टर अडवून ठेवतात, चावी काढून घेतात. हे कधीही करू नये. पैसे घेणे राहिले म्हणून दुसऱ्याची वस्तू ओढून आणली तर फिर्यादी आपण असतो आणि आरोपीही आपणच होतो.

पोलीस ठाण्यात गेले तर तेथे "हे दिवाणी प्रकरण आहे" असे उत्तर मिळू शकते, आणि ते बहुधा बरोबर असते. शब्द मोडणे आणि फसवणूक यांत फरक आहे. बोली करतेवेळीच त्याच्या मनात यायचे नव्हते, नुसते पैसे उकळायचे होते, असे दाखविता आले तर ती फसवणूक. आधी यायचे होते आणि नंतर मन फिरले, तर तो फक्त करारभंग. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा भेद स्पष्ट केला आहे. एकाच दिवशी एकच गाडी पाच जणांना देऊन पाचही जणांकडून इसार घेतला असेल, तर मात्र सुरुवातीपासूनची लबाडी दाखविण्यास जागा आहे.

आता मजुरांविषयी. १८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून तुरुंगात धाडता येत असे. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. स्वतंत्र भारताने १९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करण्याचा कायदा केला. उचल दिली आहे म्हणून मजुराला, त्याच्या बायकापोरांना अडकवून ठेवणे, दुसरीकडे जाऊ न देणे, हा आज गुन्हा आहे. मुकादमाने माघार घेतली तर त्याच्याकडे हिशेब मागा. त्याच्या टोळीतल्या माणसांना हात लावू नका. पैसे मुकादमाच्या हाती गेलेले असतात. किती मजुरांपर्यंत पोचले हे मजुरांनाच ठाऊक.

दाद कोठे मागावी?

प्रथम लेखी नोटीस द्यावी. काय ठरले, किती पैसे दिले, तो कधी आला नाही, किती नुकसान झाले आणि किती दिवसांत पैसे हवेत, एवढे साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टाने पाठवावे, पोच जपून ठेवावी.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ यात २०१८ साली बदल झाला. त्यातील कलम २० प्रमाणे किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊन, तरीही काम न झाल्यास, ते दुसऱ्याकडून करून घेऊन झालेला खर्च मूळ ठेकेदाराकडून वसूल करता येतो. विहीर, पाइपलाइन, गोठा अशा कामांना हा मार्ग चांगला. तोडलेला ऊस मात्र ३० दिवस थांबत नाही. तेथे कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागावी; तो हक्क या कलमाने काढून घेतलेला नाही.

त्यानंतर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. दावा लावण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे कोर्ट फी नाही. दोघांच्या संमतीने निवाडा झाला की त्याला हुकूमनाम्याचे बळ येते आणि त्यावर अपील नसते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. आमच्या मते दहा-पंधरा हजारांच्या प्रकरणाला हीच वाट सगळ्यांत सोयीची.

तेथे न जमल्यास दिवाणी न्यायालय. करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे. "आज देतो, उद्या देतो" यात तीन वर्षे निघून गेली तर हक्क असून हाती काही लागत नाही. ही तारीख घरातल्या सर्वांना माहीत असू द्यावी.

पुरावा आणि चार ओळींचा कागद

तोंडी करार चालतो हे खरे, पण तो सिद्ध करायचा भार दावा लावणाऱ्यावर असतो. त्या वेळी हजर असलेले दोन माणूस, बँकेतून किंवा मोबाइलवरून पाठविलेल्या पैशांची नोंद, आलेले-गेलेले संदेश, फोनवरील संभाषण, हे सर्व पुरावे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही मोबाइलमधील नोंदी ठराविक प्रमाणपत्रासह पुराव्यात घेतल्या जातात. म्हणून ज्या फोनवर बोलणे झाले तो फोन विकू नये, संदेश पुसू नयेत. इसार रोख न देता शक्यतो खात्यावर पाठवावा.

आणि एवढी सगळी यातायात टाळायची असेल तर टपरीवरच चार ओळी लिहाव्यात. नमुना देतो:

"मी अमुक, राहणार अमुक, श्री. अमुक यांचा मौजे अमुक येथील अंदाजे ६० टन ऊस दर टनी ४०० रुपयांनी कारखान्यावर पोचविण्याचे कबूल करतो. काम २३ तारखेस सकाळी सुरू करीन. ऊस तोडून ठेवणे व गाडीवाट मोकळी करणे मालकाकडे. आगाऊ ५,००० रुपये आज मिळाले. न जमल्यास आठ दिवस आधी कळवून पैसे परत करीन." खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख.

पाच हजारांवरची रक्कम असली तर पावतीला एक रुपयाचे रसीद तिकीट लावावे. साध्या कागदावर लिहिले म्हणून करार खोटा ठरत नाही. पुढे पुराव्यात दाखल करताना मुद्रांक शुल्काचा प्रश्न आला तर ते दंडासह भरून सोडविता येतो. कागद नसण्यापेक्षा साधा कागद केव्हाही बरा.

नमुन्यातील शेवटची ओळ आम्ही मुद्दाम घातली आहे. माघार घेण्याची वेळ कोणावरही येते. इंजिन बसते, घरी आजारपण निघते. ज्याने वेळेत कळविले त्याच्यामुळे होणारे नुकसान थोडे, आणि म्हणून त्याची देणेदारीही थोडी. ज्याने फोन बंद करून ठेवला त्याच्यामुळे पन्नास-साठ टन ऊस फडात वाळतो. आपल्यातल्या ट्रॅक्टरवाल्या सभासदांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, जमणार नसेल तर त्याच दिवशी तोंडाने सांगा आणि घेतलेले पैसे त्याच दिवशी परत करा. आणि ऊसवाल्या सभासदांना सांगणे की, असे सांगणाऱ्याला शिवी देऊ नका; उद्या दुसरी गाडी बहुधा तोच शोधून देईल.

वरच्या नमुन्याचे चिठोरे कापून खिशात ठेवावे. पुढच्या बोलीच्या वेळी ते भरायला पाच मिनिटांवर वेळ लागत नाही.